न हललेलं फिंजान

अबू फलाहचा उजवा हात मोडला तो एका मेंढीमुळे. गावात मात्र उंटामुळे मोडला असं बोललं जाई, आणि ते तसंच बोललं जावं म्हणून अबू फलाहने थोडे कष्टही घेतले होते. मेंढीने पिकअपच्या फळीवरून उडी घेतली, तिच्या दोरीत हा गुंतलेला, दोघंही वाळूत उतरले. मेंढी पायांवर उतरली, अबू फलाह हातावर. पण साठी उलटलेल्या वाळवंटी बदूने मेंढीचं नाव सांगावं कोणत्या तोंडाने? विचारायला आलेल्यांना तो एवढंच म्हणाला की जनावर होतं. पुढचं काम लोकांनी केलं. कुणी त्या जनावराची मान लांब केली, कुणी पाठीवर कुबड चढवलं, आणि प्लास्टर सुकायच्या आत तो रगेल उंट वाडीभर हिंडू लागला.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून वाळल्या शेंगेसारखा हात बाहेर आला. हाडं जुळली होती, पण हाताची फिरकी हरवली होती. अंगठा आभाळाकडे करून तो जो थिजला तो थिजलाच. तळहात वर होईना, की खाली होईना. नमाजानंतर दुआ मागायला दोन्ही हात पसरावेत, तर डावा वर अल्लाकडे आणि उजवा शेजाऱ्याशी हात मिळवायला निघाल्यासारखा. गाडीची किल्ली फिरेना. दाराची कडी उघडेना. हे सगळं अबू फलाहने सोसलं असतं. न सोसवणारी गोष्ट एकच होती. त्याला कहव्याचं, म्हणजे अरबी कॉफीचं, फिंजान हलवता येईना.

आणि हे व्हावं ते नेमकं अबू फलाहच्या बाबतीत, म्हणजे वैद्यालाच खोकला. कहव्याची रीत त्याच्याइतकी कुणी पाळत नसे आणि कुणी दुसऱ्याकडून पाळून घेत नसे. बसलेल्याने उजव्या हातात फिंजान घ्यावं, तळाशी घोटभर कहवा असतो तो प्यावा, आणि पुरे झाला की ते बिनकानाचं चिमुकलं फिंजान मनगटातून डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवावं, कणीस वाऱ्यावर डुलावं तसं. ते डुललं की ओतणारा समजतो आणि पुढे जातो. नाही डुललं तर तो पुन्हा ओततो. ओतणाऱ्याचा धर्मच तो. तोंडाने ‘पुरे’ म्हणणं म्हणजे अबू फलाहच्या मते यजमानाच्या किटलीत थुंकणं. त्याच्या पुतण्याने, मिथकालने, एकदा शहरी सवयीने फिंजानावर हात ठेवला होता, तेव्हा भरल्या बैठकीत काकाने त्याला विचारलं होतं, की तुझ्या आईने तुला हात दिलाय की झाकण?

एक म्हण तर त्याने स्वतःच घडवून गावात रुजवली होती. पहिलं फिंजान पाहुण्याचं, दुसरं मनाचं, तिसरं तलवारीचं, म्हणजे यजमानाच्या बाजूने लढायचं, आणि चौथं हावरटाचं.

प्लास्टर काढल्यावर पहिल्यांदाच तो एका सांत्वनाला गेला, आणि तिथे ही म्हण उलटून त्यालाच चावली. फिंजान हलवायला गेला तर मनगट लाकूड. मग त्याने अख्खा खांदा पुढे-मागे केला. त्याने फिंजान हललं नाही, नुसतं पुढे सरकलं, आणि पुढे सरकलेल्या फिंजानात ओतणाऱ्याने मोठ्या आदराने पुन्हा ओतलं. पुन्हा खांदा, पुन्हा कहवा. शेवटी त्याने खिशात फोन वाजल्याचं सोंग केलं आणि बाहेर पळाला. ती रात्र तो टक्क उघड्या डोळ्यांनी मेंढ्यांमध्ये बसून होता, छातीत ढोल वाजत होता, आणि ती मेंढी, तीच, शांतपणे रवंथ करत त्याच्याकडे बघत होती.

तेव्हा कुठे तो शहरातल्या दवाखान्यात जायला तयार झाला. किल्ली फिरत नसल्यामुळे गाडी चालवायला मिथकाल.

तिथे हातापायांच्या व्यायामाच्या खोलीत शुमूस नावाची मुलगी होती. बोलणं खणखणीत, डोळे हसरे. परक्या मुलीने हात धरायचा म्हणून अबू फलाहने आधी कुरकुर केली. तिने हातावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "काका, मी हात धरत नाही, टॉवेल धरतेय. आत तुमचा हात असला तर माझा इलाज नाही." कोपर बरगडीला चिकटवायचं, मुठीत लाटण्यासारखी काठी धरायची आणि काठी एकदा आत, एकदा बाहेर कलवायची. तळहात वर केला की मागणं, खाली केला की देणं, असं ती शिकवी. हात वळेना की अबू फलाह गुपचूप खांदा उचले, पाठ वाकडी करे, अख्खं धड कलतं करे, आणि काठी वळली म्हणून सांगे. शुमूस मान हलवी. "खांद्याने चोरी करू नका, काका. कोपर बरगडीला."

मिथकाल भिंतीला टेकून हे बघत असे. तो मुळात लाजाळू. पण चौथ्या-पाचव्या खेपेला तो एकदम म्हणाला, की माझाही पाय दुखतो. शुमूसने त्याला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. उजव्या पायाची कमान बसलेली, पाऊल आत लोळतं, चपलेची टाच आतल्या अंगाने झिजून पातळ झालेली. तिने कापडाची एक छोटी गादी शिवून चपलेच्या आतल्या कडेला बसवली. पोराचा पाय सुधारू लागला, पण बाकीचं सगळं बिघडलं. जेवणावरचं लक्ष उडालं. अबू फलाहच्या हाताला आराम पडो न पडो, दवाखान्याची वारी चुकू नये याची काळजी आता पुतण्याला.

जे व्हायचं ते झालं आणि अबू फलाहला ते आवडलं. मिथकाल त्याच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ तरुणपणीच गेला, जाताना पोराचं मनगट ह्याच्या हातात देऊन गेला. त्या वेळी तो हात चांगला वळत होता. म्हणून शुमूसच्या घरी मागणी घालायला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पुढे कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. मागणीची रीत सगळ्यांना ठाऊक: पुढाऱ्याने फिंजान घ्यायचं आणि न पिता समोर ठेवायचं. यजमान म्हणतो, कहवा प्या. पुढारी म्हणतो, आमचं मागणं आहे, ते पुरं झालं तर पिऊ. यजमान म्हणतो, कहवा प्या, मागाल ते दिलं. मग प्यायचं. त्यानंतरचं जे फिंजान डुलवणं, तिथेच सगळं अडत होतं. गावातले एकदोघे सुचवून गेले, की हात बरा नाही तर दुसऱ्या कुणाला पुढे बसवू. अबू फलाहने त्यांना कहवा न देताच वाटेला लावलं. दुसऱ्याने फिंजान धरायचं म्हणजे मेलेल्या भावाच्या पोराला कुणी नाही असं जगाला सांगायचं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मिथकाल त्याच्याजवळ येऊन बसला आणि बराच वेळ चपलेचा बंद कुरवाळत राहिला. मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. शुमूसचा बाप अबू नाइफ म्हणजे वाळवंटातल्या गस्तीच्या पोलिसांतला निवृत्त मागकरी. वाळूवरचं पाऊल वाचून माणूस ओळखणारा. आणि मिथकाल गेले काही महिने त्याच्या घरामागच्या भिंतीपर्यंत जाऊन येत होता.

"भिंतीपर्यंत कशाला?" काकाने विचारलं.

"नुसता उभा राहतो."

"आणि ती?"

"ती आतल्या बाजूला अंजिराला पाणी घालते."

"किती पाणी लागतं रे त्या अंजिराला?"

अबू फलाहने कपाळावर हात मारला असता, पण हात वळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर मंडळी अबू नाइफच्या दारी उतरली. घरापुढे काळ्या केसाळ कापडाचा लांबलचक तंबू, मधोमध विणलेला पडदा, पलीकडे बायकांची कुजबुज. तंबूसमोर सारवल्यासारखी गुळगुळीत वाळू होती आणि तिच्यात खुंटाला एक लठ्ठ मेंढी बांधली होती, त्याच दिवसाच्या जेवणाची. अबू फलाह सगळ्यांच्या पुढे होता. मेंढी दिसताच त्याने लांबचा वळसा घेतला आणि मगच तंबूकडे आला. सतरंजीच्या काठाशी चपला काढल्या गेल्या. मिथकालने आपल्या चपला दुसऱ्यांच्या चपलांखाली सरकवल्या.

अबू नाइफ उंच, कोरडा, टोकदार दाढीचा माणूस. त्याने सगळ्यांना मनापासून बसवलं, तब्येती विचारल्या, कळपांची खुशाली विचारली, पावसाची विचारली. मग किटली निखाऱ्यावर चढत असताना सहज म्हणावं तसं म्हणाला, की काय सांगू, हल्ली माझ्या घरामागे एक चोर येतो.

बैठक हळहळली.

पाऊल वाचलंय मी त्याचं, अबू नाइफ सांगू लागला, आणि बोटाने सतरंजीवरच रेघा ओढू लागला. डावं पाऊल सरळ. उजवं आत लोळलेलं. टाच आतल्या अंगाने खोल, अंगठ्याखाली खळगा, आणि करंगळीकडची बाजू वाळूला जेमतेम शिवलेली. असं पाऊल या खोऱ्यात एकच असणार. सापडू दे, तो उजवा पाय मी त्याच्या गळ्यात बांधीन. सगळे हसले. मिथकालही हसला, पण उजवा पाय त्याने अंगरख्याखाली असा ओढून घेतला की जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा होता.

कहवा आला. ओतायला अबू नाइफचा भाऊ फरीज होता. जाडजूड, गंभीर, डाव्या हातात किटली आणि उजव्यात फिंजानांची चळत, ओतणं म्हणजे इबादत मानणारा. त्याने पहिलं फिंजान अबू फलाहला दिलं. अबू फलाहने ते घेतलं आणि समोर ठेवलं. पडद्यापलीकडची कुजबुज थांबली.

"कहवा प्या, अबू फलाह," अबू नाइफ म्हणाला.

मग अबू फलाह बोलला, आणि चांगलं बोलला. भावाचं नाव घेतलं, पोराची सचोटी सांगितली, तुमच्या घरची ज्योत आमच्या घरी यावी असं म्हणाला. अबू नाइफने खाली मान घालून सगळं ऐकलं. मग मान वर करून म्हणाला, "कहवा प्या. ज्यासाठी आलात ते तुम्हाला दिलं."

पडद्यामागून बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या, हुलहुल्या उठल्या. अबू फलाहने फिंजान उचललं, मान मागे टाकली आणि प्यायला. डोळ्यांत पाणी आलं, ते वेलचीमुळे असं त्याने समोरच्याला सांगितलं.

फरीज पुढे झाला. अबू फलाहने कोपर बरगडीला चिकटवलं, शुमूसला आठवलं, अल्लाला आठवलं आणि मनगटाला हुकूम सोडला. मनगटाने ऐकलं नाही. फरीजने ओतलं. हे मनाचं, ठीक आहे. पुन्हा कोपर, पुन्हा हुकूम. फरीजने ओतलं. हे तलवारीचं, तेही ठीक. आता मात्र सगळे बघत होते. ज्याने ती म्हण गावोगाव पेरली त्याच्याकडे सगळे बघत होते. तो हात ताणू लागला, जबडा आवळू लागला, त्याच्या मिशा हलल्या, भुवया हलल्या, फिंजान तेवढं हललं नाही. फरीजने अत्यंत आदराने चौथं ओतलं.

हावरटाचं फिंजान. ते प्यावं तर नाक कापलं जातं आणि पाचवं येतं. ‘पुरे’ म्हणावं तर जन्मभराची रीत पाण्यात. अबू फलाह त्या घोटभर कहव्याकडे विहिरीत डोकावल्यासारखा बघत राहिला. आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, त्याने भरलं फिंजान हळूच समोर ठेवून दिलं.

ठेवलं आणि कळलं आपण काय केलं ते.

हुलहुली जिथे होती तिथे विरली. फरीज किटलीसकट थबकला. भरलं फिंजान खाली ठेवणं म्हणजे मागणं. दिल्या घरी, दिल्या मुलीनंतर, आणखी एक मागणं. अबू फलाहबरोबर आलेले म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. कुणी तरी हळूच विचारलं, की ह्याला स्वतःसाठी पण हवीय की काय?

"अजून काही राहिलंय का?" अबू नाइफने विचारलं. आवाजात राग नव्हता, पण हसूही नव्हतं.

अबू फलाहची नजर सैरावैरा धावली. खरं सांगावं, की काही नाही, हात वळत नाही, तर भरल्या बैठकीत पोरकटपणा. तोंडाला येईल ते मागावं, मेंढी, सतरंजी, तर लाजिरवाणं. नजर सतरंजीच्या काठावर गेली. चपलांच्या ढिगाखालून एक उजवी टाच डोकावत होती, आतल्या अंगाने झिजलेली. त्या टाचेकडे बघता बघता त्याच्या मनात आपोआप उजाडलं. लग्न झालं की पोरगा ह्या वाळूतून रोज चालणार. आज नाही तर उद्या सासरा ते पाऊल वाचणार. मग जन्मभर त्या नजरेसमोर पाय लपवत बसायचं? आणि हे फिंजान समोर आहे तोवर यजमान बांधलेला आहे.

"राहिलंय," अबू फलाह म्हणाला. "तुमच्या भिंतीमागे जी पावलं उमटतात, ती माफ करा. पोर आमचं आहे. भिंतीला हात लावण्यापलीकडे त्याने काही केलं नाही, पण न विचारता आला हा गुन्हा आहे, आणि तो मी माझ्या तोंडाने सांगतोय. माफ केलंत तर पितो. नाही तर हे फिंजान इथेच थंड होऊ दे."

मिथकाल उठून उभा राहिला. चेहरा राखेसारखा. त्याने अंगरख्याखालून उजवा पाय बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर ठेवला, जणू सापडलेली चोरीची चीज परत करतोय.

अबू नाइफने पुढे वाकून त्या पायाची कमान न्याहाळली.

"चोराचं पाऊल बोटांवर खोल असतं," तो म्हणाला. "त्याला पळायचं असतं. ह्याची टाच खोल होती. हा यायचा, उभा राहायचा आणि जायचा. चोर नव्हता हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पण मग एक नवल झालं. ते पाऊल सुधारू लागलं. आतली कड उचलली जाऊ लागली, खळगा उथळ होऊ लागला. मी स्वतःशी म्हटलं, अरे, चोराचा पाय सरळ करतंय कोण? ह्या खोऱ्यात हे काम येणारं माणूस एकच, आणि ते माझ्याच चुलीजवळ जेवतं." पडद्यापलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. "नाव घ्यायचं काम माझं नव्हतं, अबू फलाह. तुमचं होतं. मुलगी मी दिलीच होती. पण गप्प बसून गेला असतात तर जावयाला मी उभ्या जन्मात दुसरं फिंजान विचारलं नसतं. प्या. माफ केलं."

अबू फलाहने फिंजान उचललं.

"आणि एक," अबू नाइफ पुढे म्हणाला. "उंटावरून पडलेला माणूस मेंढीला एवढा लांबचा वळसा घालून येत नाही. बाहेर वाळूवर लिहिलंय सगळं."

कहवा अबू फलाहच्या नाकात गेला. म्हातारे गदगदून हसू लागले, आणि तो ठसकत, डोळे पुसत असताना फरीज, त्याचा धर्म सांभाळत, किटली घेऊन पुन्हा समोर उभा.

आता मात्र अबू फलाहचा धीर सुटला. खांद्याची चोरी तर खांद्याची चोरी. तो उठून उभा राहिला, हात फिंजानासकट छातीशी धरला आणि अख्खा देहच डावीकडे-उजवीकडे डुलवू लागला. कंबर डुलली, मान डुलली, डोक्यावरचा रुमाल डुलला. फिंजान डुललं की नाही कुणास ठाऊक. पण मागणी झाली, माफी झाली, आणि वराचा काका उभ्याने डुलतोय, याचा अर्थ त्या तंबूत एकच होऊ शकत होता: लग्नाचा नाच. त्याच्या शेजारचा म्हातारा उठला आणि खांद्याला खांदा लावून डुलू लागला. मग पलीकडचा. बघता बघता रांग झाली, टाळ्यांचा ठेका धरला गेला, आणि फरीजने आयुष्यात पहिल्यांदा भरली किटली खाली ठेवली. अबू नाइफने कोरड्या गळ्याने सूर धरला:

*वाळू गं माझी वही, वाऱ्याने पानं पुसली,*
*एकाच पावलाची ओळ दाराशी राहून बसली.*

रांगेने ओळ उचलली. फिंजान कुणी तरी अबू फलाहच्या हातातून काढून घेतलं होतं, केव्हा ते त्याला कळलं नाही. तो टाळ्या देत होता. डावा हात वरून, उजवा खालून, डावा वरून, उजवा खालून. कण्हत, कुरकुरत, गंजल्या बिजागरीसारखा, त्याचा उजवा तळहात दर टाळीला आभाळाकडे थोडा थोडा उघडत होता. त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो हाताकडे बघतच राहिला. ठेका चुकला आणि आनंदाने त्याचा खांदा भलताच वर गेला.

"काका," पडद्यामागून खणखणीत आवाज आला, "कोपर बरगडीला."